हळदीचा एकच फोल्डर

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. स्टुडिओतला सर्व्हर मी एकट्याने उभा केला, त्याची कुठेतरी नोंद हवी. रत्नप्रभाताईंच्या मुलुंडच्या फोटो स्टुडिओत मी अल्बम डिझायनर. खरं म्हणजे आयटी हेडच, फक्त ताईंनी अजून तसं म्हटलेलं नाही. जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, माझं विंडोज आणि ऋतिकाचा मॅक त्याला जोडले. झकास चाललंय.
ऋतिका म्हणाली, सिद्धेश, फोल्डरची नावं सगळी स्मॉल लेटर्समध्ये ठेवूया. लिनक्स कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतं, विंडोज धरत नाही, कधीतरी घोळ होईल. ही फोटोग्राफर. म्हटलं, बघतो.

१० फेब्रुवारी
वेसाव्याच्या नमिताचं लग्न उरकलं. हळदीला दोन कॅमेरे होते, आमचा दुसरा फोटोग्राफर कृणाल याचा आणि ऋतिकाचा. कृणालने सर्व्हरवर फोल्डर केला Haldi, ऋतिकाने केला haldi. दोन्ही शेजारी शेजारी सुखाने नांदतायत. घोळबिळ काही नाही. तरी नावांचा नियम छापून उद्या भिंतीवर लावतो.

११ फेब्रुवारी
नियम लावला नाही. प्रिंटरची शाई संपली होती.

१४ फेब्रुवारी
सर्व्हर भरला. घाटकोपरच्या लग्नाचं शूट यायचंय, जागा हवी. नमिताचं सगळं माझ्या विंडोजवरून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं. मध्येच विंडोजने विचारलं, या नावाच्या फाइल्स इथे आधीच आहेत, वगळू का? सकाळी थोडं कॉपी करून सोडलं होतं, तेच असणार. सगळ्या वगळ म्हटलं. असे निर्णय पटकन घेता आले पाहिजेत. मग सर्व्हरवरचं उडवलं. कॅमेऱ्याची कार्डंही पुसायला सांगितली. डेस्क कसं स्वच्छ वाटतंय.

१९ फेब्रुवारी
नमिताचे आजोबा, नाना, काल गेले. तिच्या आईचा, सगुणाताईंचा, ताईंना फोन आला. तेराव्याला लावायला हळदीतला फोटो हवाय. आजारी माणूस, पण त्या दिवशी खुर्चीतून उठून नाचले होते. ऋतिका म्हणाली, माझ्याकडे आहे, अगदी जवळून घेतलाय.
डिस्क उघडली. हळदीचा एकच फोल्डर. सगळे कृणालचे फोटो, त्यात नाना कुठेच नाहीत.
दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, फोटोंचे नंबर सारखेच. विंडोजला Haldi काय आणि haldi काय, एकच. त्याने दोन्ही एकात ओतले, आणि मी म्हटलं होतं, वगळ.
सर्व्हरवरून परत काढायचा प्रयत्न केला. त्याच जागेवर आता घाटकोपरचं लग्न बसलंय. एका फोटोत वरची झालर दिसली, खाली नुसता करडा पट्टा.

२० फेब्रुवारी
ताईंनी विचारलं, झालं कसं. मी म्हटलं, मॅकवरून फोल्डर आला की होतं कधीकधी. अगदीच खोटं नाही ते. मॅकवरूनच आला होता.
ताई ऋतिकाला बोलल्या. बऱ्याच बोलल्या. ऋतिका माझ्याकडे बघत होती. मी स्क्रीनकडे.
उद्या ताईंना खरं सांगायचं.

२१ फेब्रुवारी
ताई दिवसभर सांताक्रूझला क्लायंटकडे. असलं फोनवर बोलू नये.

२३ फेब्रुवारी
ऋतिका आज स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी वेसाव्याला गेली आणि नातेवाइकांचे मोबाइल धुंडाळून आली. कुणाच्या तरी सेल्फीत मागे नाना सापडले, हात वर, हसतायत. जरा अंधुक आहेत. संध्याकाळपर्यंत ती एक एक डाग काढत बसली होती. मी म्हटलं, शार्पनेस मी करून देतो. नको म्हणाली. यार, इतकं तुटक कशाला बोलायचं.
घरी जेवण गेलं नाही. आईने विचारलं, बरं नाही का. अ‍ॅसिडिटी म्हटलं.

२५ फेब्रुवारी
आज सांगणारच होतो. ताई नेमक्या चांगल्या मूडमध्ये होत्या.
दुपारी सर्व्हरवर सगळी नावं स्मॉल लेटर्समध्ये होतील अशी सेटिंग केली. ताई म्हणाल्या, बरं केलंस, आता ऋतिकाकडून तशी चूक व्हायची नाही. ती मागेच बसली होती.

२ मार्च, रविवार
फ्रेम पोचवायला मी गेलो. मीच मागून घेतलं ते काम. सगुणाताईंनाच सगळं सांगून टाकायचं, मग ताईंपर्यंत आपोआप जाईल, असं ठरवलं होतं. बसमध्ये वाक्यंही जुळवली.
सगुणाताईंनी फ्रेम हातात घेतली. काच स्वच्छ होती तरी पदराने पुसली. मग मला बसवून चहा दिला. मी सुरुवात केली, म्हटलं, त्या फोटोंचं असं झालं की...
त्या म्हणाल्या, कळलंय मला. तुझ्या मॅडमनी त्या पोरीला माफी मागायला पाठवलं होतं काल. इथे बसून रडली रे. चूक झाली म्हणाली, कुणाचं नाव नाही घेतलं.
मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, तू तिथे मोठा आहेस ना, तिला आता रागावू नको.
कपात बघत म्हटलं, नाही रागावणार.