सातव्या यंत्रावरच्या रेघा

प्रिय धाकटेबुवा,

फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. उद्या चौकशी समितीपुढे तुझी शेवटची हजेरी. सातव्या पवनचक्कीचं पातं निखळल्याचा ठपका तुझ्यावर आला, तर तुला पुन्हा कुठल्याच मनोऱ्यावर कुणी चढू देणार नाही, हे मला कळतं. धीर द्यायला लिहितेय असं समज. तसा धीर देणं हा माझा प्रांत नव्हे, मी फक्त कामाला जुंपते.

पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेय. खिडकीतून अकराही यंत्रं दिसतात, सगळी थांबवलेली. वारा एवढा, की दाराला खुर्ची लावून ठेवलीय. असा वारा फुकट जाताना एरवी मी चार जणांवर तरी खेकसले असते. काल दवाखान्यात जाऊन आपल्या सगळ्यांत जुन्या चढणाऱ्याला, शिडीमास्तरांना, भेटून आले. पडलेल्या तुकड्यानं त्यांचा गुडघा पार चिरडलाय. चालतील म्हणे, पण चढणार नाहीत. मलाच विचारत होते, जमिनीवरची माणसं दिवसभर करतात तरी काय. मी हसले आणि जिन्यात येऊन रडले.

आपण कंपनी काढली तेव्हा बाबा म्हणाले होते, ही तर वारं प्यायलेलीच आहे, तू कशाला हिच्या नादी लागतोस? तू लागलास. पैसे मी आणायचे, यंत्रं तू उभी करायचीस. पात्याचे बोल्ट दोन फेऱ्यांत आवळायचे, पहिल्या फेरीत अर्धे, दुसरीत पुरते, आणि मगच नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पांढरी रेघ मारायची, हा तुझा नियम. रेघ दिसली की दुसरी फेरी झाली, पुन्हा कुणी विचारायचं नाही. मी तुला रेघोटेमास्तर म्हणून चिडवायची, आणि तू अजिबात चिडायचा नाहीस, त्याचाच मला राग यायचा.

सातवं उभं केलं त्या आठवड्यात गुरुवारी पहिली सात यंत्रं ताब्यात द्यायची होती, नाहीतर करार रद्द. नेमकं तेव्हाच बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. दोघांपैकी एकानं जायलाच हवं होतं, मी तुला पिटाळलं. बुधवारी सातव्याची पहिली फेरी झाली आणि वारा उठला. शिडीमास्तर म्हणाले, बाई, आता उतरायचं. मी त्यांना हत्यारं आवरायला सांगितली, आणि त्यांची पाठ वळल्यावर खिशातला मार्कर काढून सगळ्या नटांवर रेघा मारल्या. सोमवारी दुसरी फेरी करू, असं मनाशी म्हटलं. सोमवारी आठव्याची पाती आली. नंतर नंतर सातव्यात गेले की रेघा दिसायच्या आणि, खरं सांगते, काही महिन्यांनी माझाच त्यांच्यावर विश्वास बसला.

नट फिरले असते तर रेघा मोडलेल्या दिसल्या असत्या, पण नट फिरलेच नाहीत रे. रेघा शेवटपर्यंत शाबूत होत्या, म्हणून कुठल्याच तपासणीत काही सापडलं नाही. अर्धवट आवळलेले बोल्ट आतल्या आत झिजून तुटत गेले. आणि बोल्ट आवळल्याच्या त्या दिवसाच्या तक्त्यावर सही आहे तुझी. सही तुमची का, असं समितीनं विचारलं तेव्हा तू म्हणालास, आठवत नाही. तू! ज्याला प्रत्येक यंत्राचे बोल्ट तोंडपाठ, त्याला आपली सही आठवत नाही? खोटं बोलणं तुला जन्मात जमलेलं नाही. सही कुणी ठोकली हे पहिल्याच नजरेत तू ओळखलंस, आणि मला वाचवायला निघालास. आधी तुझाच संताप आला मला. मग माझी लाज वाटली, ती अजून जात नाही.

तेव्हा स्पष्ट लिहिते. रेघा मी मारल्या आणि तुझी सही मी केली. मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं. तू त्या दिवशी बाबांच्या उशाशी होतास, दवाखान्याच्या वहीत तुझी खरी सही आहे. कंपनी बहुतेक जाईल. जाऊ दे म्हणताना जीभ जड होते, पण जाऊ दे. हे पत्र धीर देण्यासाठी नाही, पुरावा म्हणून लिहिलंय. तू फाडून टाकशील हे ओळखून हीच कबुली वेगळ्या कागदावर लिहून सकाळीच समितीच्या अध्यक्षबाईंच्या हाती देऊन आलेय. उद्या जरा सावकाश ये. मी दाराशी असेन, आधी मला आत जाऊ दे.

तुझीच,
ताई