शेवटच्या दोन खाचा

मलकपेठ, आश्विन वद्य षष्ठी, शुक्रवार

यंदा आमची दिवाळी नाही, तरी आईने साफसफाई काढली. धाकटा गणू जाऊन महिनाही झाला नाही. दुपारी बाटलीवाले चाचा दारात आले, म्हणून गणूच्या औषधाच्या बाटल्या मी धुवायला घेतल्या. एकीत दोन डोस उरलेले. कंपाउंडरने डोसांसाठी चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या शेवटच्या दोन खाचांपर्यंत औषध होतं. घरात शाळा शिकलेली मीच पहिली, म्हणून औषध देणं माझ्याकडे. मग हे कसे राहिले? मी विसरले का?

"खाली करके देओ बेटी," चाचा म्हणाले. मला ओतवेना.

आईने बाटली हातातून घेतली आणि मोरीत उपडी केली. म्हणाली, "त्या दिवशी त्याचा डोळा लागला होता. उठवू नको असं मीच म्हटलं तुला. आण, धुते. कुणाच्या तरी घरी औषधाला लागेल."

पट्टी भिजूनही निघेना. आईने ती नखाने खरवडली, शेवटच्या दोन खाचासुद्धा. चाचा बाटल्या घेऊन गेले.

तेव्हापासून आठवून पाहते आहे. उठवू नको असं आई म्हणाल्याचं मला काही केल्या आठवत नाही.