खिंड वीस मिनिटांवर होती

प्रिय दिनकरराव,

व्याह्याला 'प्रिय' लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला, तुम्ही हेडमास्तर. चुका दिसतील, सांभाळून घ्या.

आज लिहायला बसलो, कारण सकाळी तुमची लेक विचारून गेली. "बाबा, जूनच्या सुट्टीत परत हिमाचलला जाऊ? अप्पांची ती खिंड राहिलीय." मी म्हटलं, "बघू." माझं 'बघू' म्हणजे नाही, हे केतकीला सून होऊन आल्यापासून माहीत आहे. डबा उचलून ऑफिसला गेली.

त्या वर्षी हिमाचलला जायच्या आधी आमच्याकडे राहायला आलात, तेव्हा काय तयारी केली होतीत तुम्ही! सिंगापुरात डोंगर कुठला? पुंगोलच्या या आमच्या ब्लॉकचे सोळा मजले, पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन रोज चढायचात. सुपरमार्केटात गोठवलेल्या माशांपाशी जाऊन उभे राहायचात, थंडीची सवय म्हणून. तुम्ही शाकाहारी, आणि माशांपाशी! नात इथल्या सिंगापुरी इंग्रजीत खिदळायची, "आजोबा, दॅट्स नॉट स्नो, लाह!"

आणि मी? "गुडघे जातील," म्हणून मागून ओरडत असे.

खिंडीचा तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. सीझन नुकता सुरू झालेला, वाटेवर थंडीतला बर्फ अजून पडून होता. वरून मळकट, पायाखाली कडक. गाइड बुटाने पायऱ्या खणत पुढे चालला होता. "बाबूजी, दोपहर तक बर्फ पक्की है. बस, बीस मिनट और."

तुम्ही आणि केतकी बर्फाचा अर्धा पट्टा ओलांडलात. काठाशीच माझा पाय घोट्यापर्यंत रुतला आणि माझा धीर सुटला. "दिनकरराव, मागे फिरा! मी सांगतोय!"

तुम्ही थांबलात. वर खिंडीकडे पाहिलंत. केतकी म्हणाली, "अप्पा, चला ना. बाबा बसतील इथे." तुमचं उत्तर मला वाऱ्यातूनही ऐकू आलं. "नको गं. मुलीकडचे आपण. व्याह्यांचा शब्द कसा मोडायचा?"

अहो, मोडायचात की! मुलांच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, आता कसला मानपान?

पण खरं सांगतो. भीती होतीच, तरी तुम्हाला माघारी येताना पाहून मला बरं वाटलं. शिक्षणात, बोलण्यात, चालण्यात तुम्ही पुढे. तुमच्यापेक्षा माझ्याकडे जास्त एकच होतं, मी मुलाचा बाप. तेवढंच मी वापरलं.

खाली टपरीवर पहिला चहा माझ्याच हातात दिलात. "पुढच्या वर्षी बघू," म्हणालात. तुम्हाला कुठे मिळालं पुढचं वर्ष? दिवाळीनंतर महिन्याभरात तुमचं हृदय थांबलं. पलीकडे काय दिसतं ते तुम्ही पाहिलंच नाहीत. केतकीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं!

आज संध्याकाळी ती घरात पाऊल टाकेल, तेव्हा चप्पल काढायच्या आत तिला 'जा' म्हणेन. मीही येईन, बर्फाच्या काठापर्यंत. घाबरेन, ते माझ्या हातात नाही. पण ती वर जाईल तेव्हा मी दरीकडे तोंड करून बसेन. माझा चेहरा बघून तुमच्या लेकीने मागे फिरायला नको.

तुमचा,
रघुनाथ