आधी ठोकळा, मग बैल

आबा, आज बसमध्ये उभी होते. ड्रायव्हरनं एकदम ब्रेक दाबला. बस थांबली, मी मात्र थांबले नाही. थेट पुढच्या म्हाताऱ्याच्या अंगावर गेले. तो पाय चोळत सरकला आणि त्यानं मला जागा दिली. घरी आल्यापासून जिवाला चैन नाही. चहा निवून गेला, दोनदा उठून दार लावलंय का ते बघून आले, शेवटी कागद घेऊन बसले.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती. राहुरीकडच्या मळ्यांतून कारखान्याला ऊस जायचा तो रुळांवरच्या डब्यांतून, आणि डबे ओढायचे तुमचे बैल. जन्मभर तुम्ही मातीच्या रस्त्यावर गाडी हाकलेली. मातीत बैल थांबले की गाडीही थांबते. रुळांवर तसं नाही, भरलेला डबा बैलांच्या मागून येतच राहतो. म्हणून उतारावर आधी चाकाखाली लाकडी ठोकळा, मग बैल थांबवायचे. हे तुम्हीच मला शिकवलंत. शाळेत बाईंनी पेल्यावर पुठ्ठा आणि त्यावर ढब्बू पैसा ठेवून टिचकी मारली. पुठ्ठा उडाला, पैसा पेल्यात पडला. थांबलेलं थांबूनच राहू बघतं, चाललेलं चालतच, असा नियम बाईंनी सांगितला. घरी येऊन मी तो ऐटीत तुम्हाला ऐकवला, तर तुम्ही हसलात. "हे तर माज्या बैलालाबी ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन उताराशी उभी आहे. उसानं भरलेला डबा येतोय. मी हाक मारते, आबा, थांबा. आणि तुमचा हात जुन्या सवयीनं कासरा ओढतो. बैल थांबतात. डबा थांबत नाही. ठोकळा घेऊन तुम्ही मागे धावता. बैल वाचतात, तुमचा पाय चाकाखाली जातो.

मुकादमानं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्याच कासरा वडला. पोरगी तिथं नव्हतीच." तुमचं काम गेलं. पुढची सगळी वर्षं पाय ओढत चाललात, पण मला कधी बोल लावला नाहीत. त्याचाच मला राग येतो, आबा. एकदा रागावला असतात तर मीही बोलून मोकळी झाले असते.

हाही कागद पेटीतच जाईल, आधीच्यांसारखा. घरी आईला मात्र तुम्ही सांगितलंत, पोर भाकरीसाठी थांबवत होती. भाकरी तुम्ही उतार संपल्यावरच खायचात, हे मला ठाऊक होतं. मला डब्यावर बसायचं होतं.