धुतलेला डबा

दापोडी,
रविवार, दुपार

प्रिय मिनल,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवरचं आपलं बोलणं आता ठरून गेलंय. तू विचारतेस, "जेवलीस का?" मी म्हणते, "हो." मी विचारते, "आणि तू?" तू म्हणतेस, "हो." मग तू म्हणतेस, "ठेवते." त्यात एवढं सगळं मावणार नाही म्हणून माळ्यावरून तुझी बारावीची वही काढली. मागची पानं कोरीच होती. केमिस्ट्रीची वही आहे, त्यात तू अभ्यास कमी आणि नक्षी जास्त काढलीस हे आज कळलं.

गुरुवारी अजिंक्यचा फोन आला होता. "आई, मिनल सांगणार नाही म्हणून मी सांगतोय," असं त्यानं आधीच म्हटलं, तेव्हा नवऱ्याला ओरडू नकोस. तू हॉस्पिटलात राजीनामा दिलास. तुमच्या मॅडमनी तो ठेवून घेतलाय, महिनाअखेरपर्यंत विचार कर म्हणाल्या. आणि तू अजिंक्यला म्हणालीस, की जिच्या आहाराच्या चार्टनं स्वतःचा बाप वाचला नाही, तिनं लोकांना काय खा आणि काय नको हे कुठल्या तोंडानं सांगायचं. मी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि मेथी निवडायला बसले. रडू आलं नाही. गेले आठ महिने मला कशानंच रडू येत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात ना, तसं झालंय. बोट लावलं तर कळतं की इथं गाल आहे, पण तो आपला वाटत नाही.

मेथी दोन जुड्या होत्या. एकटीला दोन जुड्या कशाला, हे निवडून झाल्यावर लक्षात आलं. पण हात त्या चार्टला इतका सरावलाय की गुरुवार आला की मेथी-मूग आणि शुक्रवार आला की दुधीची धिरडी. खायला कुणी असो नसो, माझ्याकडून होऊन जातात.

तुला आठवतं का, अडीच वर्षांपूर्वी पप्पांची साखर निघाली तेव्हा तू नाशिकहून काय काय घेऊन आली होतीस? वजनाचा काटा, मापाचे चमचे, चार रंगांची पेनं. माझा तेलाचा पाच लिटरचा कॅन उचलून शेजारच्या सुमनताईंना देऊन टाकलास. मला तर विचारलंही नाहीस. मी तीस वर्षं या घरात स्वयंपाक केलेला, आणि पोरगी मला चमचा धरायला शिकवत होती. आत राग आला होता, आज सांगते. पण चार्ट कपाटाच्या दारावर चिकटवलास, त्यातलं तुझं ते गोल गोल अक्षर पाहिलं आणि म्हटलं, करून तर बघू.

आणि मला गोडी लागली, मिनल. तू मला टोमणे मारायचीस पण खरं आहे. नाचणीचा पहिला ढोकळा असा झाला होता की पप्पा म्हणाले, "हा राहू दे, दार उघडं राहत न्हाई त्याला लावायला हुईल." दुसऱ्या वेळी ताक घातलं, तिसऱ्या वेळी किसलेलं गाजर, आणि चौथ्या वेळी सुमनताई कृती विचारायला आल्या. कांदा तेलाऐवजी पाण्याच्या हबक्यावर परतायला शिकले. जवसाची चटणी, ज्वारीचे अप्पे, दुधी किसून केलेलं थालीपीठ. पप्पांच्या पहिल्या शिफ्टला कंपनीची बस साडेपाचला यायची, मी चारला उठायचे, आणि खरं सांगू का, कंटाळा यायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी मला स्वयंपाकाचा अभ्यास दिला होता.

चाकणच्या कंपनीतून डबा घरी यायचा तो रिकामा. नुसता रिकामा नाही, धुतलेला. आतून हात फिरवला तरी तेलकट लागायचा नाही. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो डबा धुऊन आणतोय म्हणून मी किती हुरळले होते हे तुला माहीत आहे. तुला फोन करून सांगायचे, "बघ, एक शीत ठेवत नाहीत."

तरी साखर उतरेना. तीन महिन्यांचा रिपोर्ट आला की तू फोनवर म्हणायचीस, अजून अर्धा चमचा तेल कमी कर, भाकरी एकच दे. मी द्यायचे. तू चार्ट आवळत गेलीस, मी डबा आवळत गेले, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाहेर वडापाव खात असतील म्हणून मी शर्टाचे खिसेसुद्धा हुंगले. काही सापडलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "तुझ्याच हातचं खातोय गं."

मग फेब्रुवारीतला तो मंगळवार. परत येताना बस मोशीच्या पुढं आली आणि ते खिडकीला टेकले ते टेकलेच. बॅग घरी आली, त्यात डबा नव्हता. त्या गर्दीत मला तेवढंच दिसलं, की डबा कुठं गेला. कुणाला विचारायची लाज वाटली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी गेल्यावर, तुझ्या दोन्ही आत्यांसमोर, तू मला विचारलंस, "आई, खरं सांग. तेल किती घालत होतीस?" मी म्हणाले, चमच्यानंच. तू माझ्याकडं बघितलंस आणि मला कळलं की तुझा विश्वास बसला नाही. तू चार्ट ओरबाडून काढलास आणि कचऱ्याच्या बादलीत टाकलास. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मलाही कुणाला तरी विचारायचं होतं, पण मी विचारणार कुणाला? संध्याकाळी मी तो कागद काढला, पुसला आणि गादीखाली ठेवला. एक कोपरा फाटलाय, बाकी वाचता येतो.

आता मुख्य गोष्ट. महिन्यापूर्वी ज्योतीराम आला होता. पप्पांच्या शेजारच्या मशीनवरचा, लातूरकडचा, तळवड्याला राहतो. तुला तो जाडजूड आठवत असेल. दारात उभा राहिला तर मी ओळखलंच नाही. शर्ट अंगात लोंबत होता. हातात पिशवी, आणि पिशवीत आपला डबा. झाकणावर तुझ्या आजीनं, जाईबाईंनी, कोरून घेतलेलं पप्पांचं नाव, बुद्धरत्न कोंडीराम. घासून लख्ख.

खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला. पाणी दिलं ते हातातच धरून म्हणाला, "वैनी, तुमचा डबा म्या खाल्लो. दोन वर्सं. रोज." मला आधी कळेना. मग एकेक सांगत गेला. त्याचीही साखर निघाली होती, पण घरी चार पोरांचा स्वयंपाक, बायकोला वेगळं करायला जमेना. इकडं पप्पांना तुझ्या चार्टच्या पहिल्या आठवड्यातच नको झालं होतं. डबे मध्ये ठेवून सगळे खातात तसेच खात होते, आणि एका दिवशी पप्पांनी आपला डबा त्याच्याकडं सरकवला आणि त्याचा ओढून घेतला. "भावा, तुला हे पाहिजे, मला ते पाहिजे. दोघांचं भागलं." शपथ घातली होती, घरी सांगायचं नाही. "ती मनापासून करती, कळलं तर मोडंल," म्हणायचे म्हणे. "कुनी तरी खातंय, वाया जात न्हाई." आणि डबा रोज ज्योतीराम धुवायचा. फुकटचं खातो तर निदान धुऊन द्यावा, म्हणून. त्या मंगळवारी तो धुवायला गेला आणि तेवढ्यात बस सुटली.

बघ मिनल, आपण दोघींनी भाकरी मोजली, तेल मोजलं, मीठ मोजलं. पण कंपनीत डबा कुणा एकट्याचा नसतो, हे तुला नाही तर मला तरी कळायला हवं होतं. तुझे आजोबा कोंडीराम कंपनीत लागले तेव्हा डबा घेऊन वेगळे बसायचे, त्यांना कुणी मध्ये बसवायचं नाही. त्यांचा मुलगा डबा मध्ये ठेवून जेवतो याचं जाईबाईंना फार अप्रूप होतं. मीही ते किती वेळा ऐकलं होतं. आणि चार्ट करताना आपण दोघीही विसरलो.

ज्योतीराम रडत होता. म्हणाला, माझ्या डब्यानं माझा भाऊ गेला. मी त्याला चहा करून दिला, बिनसाखरेचा. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो गेल्यावर डबा मांडणीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. दोन वर्षं मी चारला उठून एका परक्या माणसाला जेवू घालत होते. एवढंच डोक्यात येत होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन आला. मोनिका नाव तिचं, तुझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी असेल. चार्टचा स्वयंपाक शिकायचाय म्हणाली. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून वांग्याचं भरीत घेऊन आली होती, शेंगदाण्याचा कूट आणि वर बोटभर तेलाचा तवंग. माझ्याच तेलानं झालं, असं तीही म्हणाली. तू म्हणतेस तुझ्या चार्टनं, ज्योतीराम म्हणतो त्याच्या डब्यानं, ती म्हणते तिच्या तेलानं, आणि माझं तर विचारूच नकोस. माणूस एक गेला आणि मारेकरी चार. डॉक्टर तर म्हणाले होते की हृदयाची नस फार आधीपासून बंद होत आलेली होती.

ती दोघं गेल्यावर मी ते भरीत भाकरीला लावून तोंडात घातलं. मिनल, फार चांगलं होतं गं. आठ महिन्यांत पहिल्यांदा जिभेला काहीतरी कळलं. आणि मग राग आला. असा आला की ताटलीतलं सगळं संपवलं आणि पप्पांच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाले, "एवढं आवडत होतं तर मला सांगायचं होतं. मी रविवारी करून दिलं असतं. एक दिवस चार्टमध्ये बसला असता." त्या रात्री मला झोप लागली.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? पत्रासोबत ज्योतीरामचे तीन रिपोर्ट पाठवतेय. पहिला तुझ्या चार्टच्या आधीचा, तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पॉइंट आठ. दुसरा या जानेवारीतला, दोन वर्षं तुझा चार्ट खाल्ल्यानंतरचा, सहा पॉइंट तीन. वजन बारा किलो कमी. तिसरा गेल्या महिन्यातला, डबा बंद झाल्यानंतरचा, पुन्हा सात पॉइंट नऊ. तूच वाच, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझा चार्ट बरोबर होता, मिनल. तो फक्त तुझ्या बापाच्या पोटात गेला नाही. पप्पांचं नाव खराब होईल म्हणून महिनाभर मी हे तुझ्यापासून लपवलं, पण तू नोकरी सोडावीस एवढं काही ते मोठं नाही. उद्यापासून ज्योतीरामचा डबा मीच देणार आहे, पण कागद पप्पांच्या वजनाचा आणि वयाचा आहे. त्याला त्याचा नवीन करून दे. वय एक्कावन्न, वजन शहात्तर, पहिली शिफ्ट, दिवसभर उभ्याचं काम, आणि रविवारी एक वाटी भरीत धरून चाल. महिनाअखेरच्या आत दे, आणि हॉस्पिटलच्या कागदावर, तुझ्या सहीनं, कारण तो कंपनीच्या डॉक्टरांना दाखवायचा आहे. आणि अजून एक चार्ट लागेल. बाईचं वय त्रेपन्न, वजन फेब्रुवारीत एकसष्ट होतं, आता एकोणपन्नास. तू रोज फोनवर विचारतेस ना, जेवलीस का, आणि मी हो म्हणते, ते खरं नव्हतं.

तुझीच,
आई