काट्यापाशी जप्त झालेली पहिली गाडी

दि. २३ नोव्हेंबर

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
विधानसभा पोटनिवडणूक,
तहसील कचेरी, सावळापूर, जि. यवतमाळ

विषय : मौजे पिंपळधरी येथील किसनराव गावंडे यांची कापसाची गाडी बैलांसह सोडून देण्याबाबत.
संदर्भ : भरारी पथकाचा पंचनामा, तसेच आभाळाची आजची स्थिती.

महोदय,

१. निम्नस्वाक्षरीकार याच कचेरीत अव्वल कारकून होता. अर्ज थोडक्यात असावा हे तो जाणतो. परंतु हे प्रकरणच असे आहे की थोडक्यात सांगितले तर कोणाचा विश्वास बसणार नाही.

२. किसनराव हे निम्नस्वाक्षरीकाराचे शाळासोबती. यंदा बोंडअळीने त्यांच्या शेताचा फडशा पाडला. पहिला वेचा तेवढा हाती लागला, पुढच्या बोंडांत अळीच निघाली. त्यांच्या पत्नी बेबीताई यांनी शेतात वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून, कमरेला ओटी बांधून वेचलेला तो पांढराशुभ्र कापूस एका गाडीत मावला. वर्षाचे पीक म्हणजे ती एक गाडी. घरात दुसरे काही नाही.

३. खरेदी केंद्राचा हंगाम काटापूजनाने सुरू होतो, हे आपणांस ठाऊक असेलच. नसल्यास सांगतो : आमदार येतात, वजनकाट्याला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, रांगेतल्या पहिल्या गाडीवाल्याला शेला-नारळ देतात, आणि मग माप सुरू होते. आजवर हा मान कै. हिरासिंगजींचा होता. ते आमदार असतानाच वारले, पोटनिवडणूक लागली आणि तिच्यामागोमाग आचारसंहिता आली. केंद्रप्रमुख म्हणाले, पुढाऱ्याला बोलावता येत नाही, आणि पूजनाशिवाय काटा सुरू करायची माझी छाती नाही. झाले! गाड्या उभ्याच्या उभ्या. सर्वांत पुढे किसनराव, कारण पहिल्या गाडीचा शेला जन्मात एकदा तरी खांद्यावर पडावा ही त्यांची हौस. हौसेला मोल नसते म्हणतात, महोदय. यांना ते पडले.

४. रांगेत बसून बसून सगळे कंटाळल्यावर किसनरावच म्हणाले, "जित्या पुढाऱ्याले बंदी हाय न? मंग गेलेल्या साहेबाच्या हातानं करू. थे कायले येतात मतं मांगाले!" सर्वांना ते पटले. केंद्राच्या भिंतीवरची हिरासिंगजींची तसबीर उतरवून काट्यावर ठेवली, हार घातला, किसनरावांनी नारळ फोडला. खोबरे वाटून व्हायच्या आत भरारी पथकाची जीप दारात!

५. हिरासिंगजींच्या पत्नी बसंतीबाई या पोटनिवडणुकीत उभ्या आहेत, हे रांगेतल्यांना ठाऊक होते. परंतु मेलेल्या माणसाला हार घालणे म्हणजे त्याच्या बायकोचा प्रचार, हे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. पंचनाम्यात किसनरावांची गाडी 'प्रचार वाहन' झाली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला रंग नेमका बसंतीबाईंच्या पक्षाचा निघाला, म्हणून बैल 'प्रचार साहित्य' ठरले. पोळ्याच्या दिवशी हिरासिंगजी चांगले धडधाकट होते आणि पोटनिवडणूक कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. हे सांगितले, तर पथकप्रमुखांनी शिंगे खरवडून रंगाचा नमुना घेतला. धन्य आहे!

६. तेव्हापासून गाडी या कचेरीच्या आवारात उघड्यावर, दोरीला लाखेची मोहोर लावून उभी आहे. किसनराव बैलांजवळ बसून असतात. त्यांना अटक नाही, पण घरी जा म्हटले तरी जात नाहीत. तहसीलमध्ये विचारावे तर पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात निवडणूक शाखेत जा, निवडणूक शाखा म्हणते निकालानंतर या. इकडे दोन्ही पक्षांच्या खऱ्या प्रचारगाड्या भोंगे लावून याच फाटकासमोरून जातात आणि कापसाच्या भावावर बोलतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

७. काल दुपारपासून ढग दाटले आहेत. बेबीताई गावाहून ताडपत्री घेऊन आल्या. पहारेकऱ्याने मुद्देमालाला हात लावू दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "मले कापूस नोका देऊ भाऊ, झाकू तं द्या." भिजलेला कापूस पिवळा पडतो, आणि पिवळा कापूस कोणताच काटा घेत नाही. निम्नस्वाक्षरीकाराने या कचेरीत सारी नोकरी काढली. तिची लाज त्याला काल पहिल्यांदा वाटली.

सबब विनंती की गाडी व बैल सोडावेत. ते आज जमत नसल्यास निदान ताडपत्री टाकण्याची परवानगी द्यावी. तसबीर व नारळ निकालापर्यंत खुशाल ठेवून घ्यावेत, किसनरावांची हरकत नाही. शेलाही नको म्हणतात.

उत्तरासाठी आपल्याच दाराबाहेर उभा असलेला,

नीळकंठ मो. पांढरीपांडे
सेवानिवृत्त अव्वल कारकून

सोबत : ताडपत्री (बेबीताईंजवळ, बाहेर).

ता. क. : साहेब मतदान केंद्रांच्या पाहणीला गेले आहेत, संध्याकाळी येतील, असे शिपायाने सांगितले. अर्ज हातात असतानाच पाऊस सुरू झाला. किसनरावांनी अंगातला सदरा काढून गाडीवर टाकला, तो कुठे पुरणार? शेवटी पहारेकऱ्याने पाठ फिरवली आणि बेबीताईंनी ताडपत्री टाकली. तोवर कापूस गच्च भिजला होता. तरी कापसाबद्दलची व ताडपत्रीची विनंती आता वाचू नये. बैल तेवढे सोडावेत. त्यांना घेतल्याशिवाय किसनराव घरी यायला तयार नाहीत.