काच पुढे की प्लास्टिक?

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

घोळ घातला मी! अप्पा लग्नाला रनाळ्याला गेलेले. म्हटलं, मोठा कॅमेरा पुसून ठेवू. मागची चौकट उघडली आणि फोकस पाहायची दुधी काच अन् ती उजळ करणारं गोल रेघांचं पातळ प्लास्टिक, दोन्ही एकदम हातात आलं. बाजारातून उडून आलेली मिरचीची धूळ पुसली. आता आठवेना — लेन्सकडे काय होतं? काच की प्लास्टिक? पस्तीस वर्षांत अप्पांनी तिथं कुणाला बोट लावू दिलं नाही. सुकलाल फोटोवाल्याची मुलगी म्हणून मिरवते ना? मिरव आता!

१३ नोव्हेंबर

सोमवारी आईला हृदयाच्या ऑपरेशनसाठी सुरतला न्यायचंय. रात्री जेवताना अप्पा तिला म्हणाले, "सुरत जावाना आगोदर तुन्हा एक फोटू काढसू." मोठ्या कॅमेऱ्यावर, रविवारी. फिल्मचे दोनच ताव उरलेत, आणि नवे यायला पंधरा दिवस लागतात.

१४ नोव्हेंबर

अप्पा बाजारात गेले तेवढ्यात प्लास्टिक लेन्सकडे लावून पाहिलं. खुर्चीवर कॅलेंडर ठेवलं. काचेत तारखा स्वच्छ! एक ताव खर्च केला. धुतला, तर तारखा पुसट आणि मागच्या भिंतीचे पोपडे सुरेख.

एकच ताव राहिला.

१५ नोव्हेंबर

सांगून टाकू? ते रागावतील याचं काही नाही. पण रविवारी आईसमोर ते गडबडले तर?

१६ नोव्हेंबर

उलटं लावलं. काच लेन्सकडे, तिची खरखरीत बाजूही लेन्सकडेच. प्लास्टिक मागे. काच किती आत बसते ते पट्टीने मोजलं, मग फिल्म किती आत बसते ते. दोन्ही अंतरं सारखीच हवीत; जुळतंय — बहुतेक. बहुतेकच्या भरवशावर आईचा फोटो कसा सोडू? आज तिला दोनदा धाप लागली.

१७ नोव्हेंबर, रविवार

आई खुर्चीत बसली आणि माझा धीर सुटला. सगळं सांगितलं, रडले. अप्पा म्हणाले, "दोन वरीस व्हयनात, पोरी. माले त्या काचवर काहीच दखात नही." म्हणजे दोन वर्षं त्यांना काचेवर काही दिसतच नव्हतं! मग कॅमेऱ्याच्या रुळावरची ठरलेल्या अंतराची खूण नखाने चाचपून त्यांनी लेन्स तिथं आणली. खिशातून तेवढ्याच अंतराचा मापाचा दोरा काढला, एक टोक लेन्सला धरलं. दुसरं टोक आईने न सांगताच हातात घेतलं आणि डोळ्याच्या कडेशी धरून ती स्थिर बसली.